व्यसनमुक्तीच्या सभा आणि आपली संस्था

(लेखक : एक सेवानिवृत्त अव्वल कारकून)

या मासिकांत बीं-बियाणें, खतें व पाणी यांविषयीं उपयुक्त माहिती दर महिन्यास येत असते. परंतु ज्या कारणांनीं चांगली पिकती जमीन मालकाच्या हातून जाते, त्यांपैकीं एका कारणाविषयीं आपण सर्वच जण मौन पाळतों. तें कारण म्हणजे दारू. महसूल खात्यांत माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली. फेरफाराच्या नोंदींत खरेदी, गहाण, बोजा एवढेच शब्द येतात. जमीन कां विकली हें लिहिण्यास तेथें रकाना नसतो. तथापि जबाब देणाराचा थरथरता अंगठा पाहून आम्हां कारकुनांस तो रकाना वाचतां येत असे.

दुसऱ्याचें सांगण्यापूर्वीं घरचें सांगतों. बंधूची त्यास संमति आहे. माझ्या धाकट्या बंधूच्या वांट्यास पांच एकर बागायत आली होती. त्यांतील दोन एकरांची विक्री मी नोकरींत असतांनाच झाली व ती थांबविणें माझ्या हातीं नव्हतें. गांवच्या देवळांत त्यानें चार वेळां शपथ घेतली. दर वेळीं नारळ फुटला, सत्कार झाला, आणि महिना उलटण्यापूर्वीं शपथ मोडली. थोरला म्हणून मीं बोलण्यांत कसर केली नाहीं. एकदां हातही उगारला. त्याचा कांहीं एक उपयोग झाला नाहीं, हें येथें कबूल करतों.

शेवटीं ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांनीं तालुक्याच्या गांवीं दर गुरुवारीं सायंकाळीं शाळेच्या खोलींत भरणाऱ्या सभेचा पत्ता दिला. पहिले दोन गुरुवार बंधु फाटकापासूनच परतला. कां, तर आपली मोटारसायकल कोणी ओळखील! तिसऱ्या गुरुवारीं मी त्यास एस.टी.नें घेऊन गेलों व समोरच्या चहाच्या दुकानीं बसून राहिलों. तासाभरानें बाहेर येऊन तो एवढेंच म्हणाला, “दादा, तिथं कुणी मला शिकवायला आलं नाही.”

त्या सभांचें मर्म यांतच आहे. १९३५ सालीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत अ‍ॅक्रन शहरीं एक शेअर-दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूनें गांजलेले, एकमेकांस भेटले व परस्परांच्या आधारानें दारूपासून सुटले. त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा संघ उभा राहिला. आपल्या पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र काढिलें. तेथून बाहेर पडलेल्यांसाठींही पाठपुराव्याच्या सभा भरतात. कोणी यास भाबडेपणा म्हणेल, तर त्यानें ध्यानांत घ्यावें कीं, २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतींत या संघाकडे नेणारे उपचार इतर प्रचलित उपचारांच्या तोडीचे, कांहीं ठिकाणीं सरसही ठरले.

संघाच्या सभेस फी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा हीच पात्रता. पूर्ण नांव सांगावें लागत नाहीं, व ऐकलेलें बाहेर बोलावयाचें नाहीं असा दंडक आहे. जन्मभराची शपथ तेथें घेववीत नाहींत. आजचा दिवस प्यावयाचें नाहीं, एवढेंच. हराळी एका खुरपणीनें जात नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. व्यसनाचें मूळही तसेंच असतें. पाळी चुकली कीं तें पुन्हा फुटतें.

सभा शोधावयाची ती अशी. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांस अथवा समुपदेशकांस विचारावें. किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ति दूरध्वनीवर चौकशी करावी. वार, वेळ, भाषा, आणि सभा खुली कीं बंद, हें आधीं विचारून घ्यावें. खुल्या सभेस कोणासही बसतां येतें, बंद सभा केवळ पिणाऱ्यांसाठीं असते. एका सभेवरून मत बनवूं नये. पांच-सहा सभांस बसावें. घरच्या मंडळींसाठीं अल-अनॉन या नांवाच्या निराळ्या सभा असतात, त्यांचीही चौकशी करावी. मात्र एक इशारा देतों : जो रोज भरपूर पितो, त्यानें एकाएकीं दारू तोडूं नये. कंप, फेफरें, भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. आधीं डॉक्टर, मग सभा.

कित्येक म्हणतात, गांवांतील दुकान बंद केलें म्हणजे झालें. आपल्या राज्यांत स्त्रियांच्या बहुमतानें दारूचें दुकान बंद करतां येतें, व त्या मतदानास माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु दुकानास कुलूप लागलें म्हणून तलफेस कुलूप लागत नाहीं. ज्यास आज सायंकाळीं हात कांपत असतांना घरीं बसावयाचें आहे, त्यास जवळ कोणी समदुःखी पाहिजे.

तेव्हां आपल्या संस्थेनें काय करावें? गोदामाशेजारची खोली बाजाराच्या दिवशीं सायंकाळीं रिकामी असते. बाजारास आलेल्या मनुष्याकडे कोणी संशयानें पाहत नाहीं, ही मोठी सोय. ती खोली अशा सभेस द्यावी. संघ बाहेरची देणगी घेत नाहीं. म्हणून ती फुकट न देतां नाममात्र भाड्यानें द्यावी. फलक, उद्घाटन, सत्कार कांहीं करूं नये, व हजेरी तर मुळींच मागूं नये. ज्याच्याकडे संस्थेची थकबाकी आहे, तो आपलें नांव लिहिलें जाईल या भीतीनें कधीं येणार नाहीं.

माझा बंधु सात महिन्यांनीं एका लग्नांत पुन्हा प्याला. मी संतापलों, सभेनें मात्र त्यास खुर्ची पुढें केली. त्यास आतां तीन वर्षें झालीं. गेलेली दोन एकर परत आली नाहीं व येणारही नाहीं. उरलेल्या तीन एकरांवर मात्र आज बोजा नाहीं. येत्या वार्षिक सभेंत खोलीचा ठराव मी मांडणार आहें. त्यास अनुमोदक पाहिजे. ज्यांच्या घरीं हा प्रश्न नाहीं, अशा सभासदानें पुढें यावें, म्हणजे ज्यांच्या घरीं तो आहे त्यांस तोंड लपवावें लागणार नाहीं.