बस कुणाची?

ब्रिटनमधल्या विषमतेची चर्चा रेल्वेपाशीच अडकते. २०२३ साली पंतप्रधान सुनक यांनी मँचेस्टरमध्ये, तेही एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत उभं राहून, तिथवर येणारा वेगवान रेल्वेमार्ग रद्द केला. गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता. पण मैत्रिणींनो, मी विचारते, बसचं काय?

१९८६ साली थॅचर सरकारने लंडन वगळून बाकी ब्रिटनच्या बससेवा बाजारावर सोडल्या. कंपन्यांनी फायद्याचे मार्ग उचलले; रात्रीच्या, दूरच्या वस्त्यांच्या फेऱ्या स्थानिक संस्थांच्या अनुदानावर ढकलल्या. २०१० नंतर त्या संस्थांचाच निधी कापला, गरीब भागांत जास्त. बसने पुरुषांपेक्षा बायाच अधिक जातात: सफाईच्या पाळीला, पोरांना घेऊन, आजारी आईकडे. मग ही काटकसर नेमकी कुणी केली?

२०२२ साली याच सुनक यांनी टनब्रिज वेल्स या सुखवस्तू गावात अभिमानाने सांगितलं, की वंचित शहरी भागांना पैसा देणारी सूत्रं बदलायला आपण सुरुवात केली. तिजोरी रिकामी असल्याचं रडगाणं मला यानंतर कुणी ऐकवू नये.

मँचेस्टर परिसराने आपल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. ते काम जानेवारी २०२५मध्ये पुरं झालं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी.