सकाळी निघा, धारेला घरी या



भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, वाल पेरले की आपल्या घरात चार दिवस जरा सैल होतात. मुले तेव्हाच मागे लागतात, "आई, कुठेतरी ने ना!" बोईसरकडच्या एका वाचक भगिनीने हेच विचारले आहे. तिला मुलांना डोंगर दाखवायचा आहे, पण गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि घरी म्हातारे माणूस आहे, त्यामुळे मुक्काम करता येत नाही. एका दिवसात जाऊन येण्यासारखे काय आहे आणि ते कसे करावे, असा तिचा प्रश्न आहे.

जागा दूर शोधायला नको. आमच्या उमरोळीहून गाडीने पालघरला उतरले आणि मनोरच्या रस्त्याला लागले की वाघोबाची खिंड येते. वाघोबाच्या देवळात हात जोडायचे आणि तिथूनच काळदुर्गाची वाट धरायची. गड समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. खिंड आधीच थोडी उंचावर असल्याने आपल्या पायांना हजारेक फूट चढ पडतो. माथ्यावर मोठा चौकोनी खडक आहे आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते, खाली देवखोपचे तळे दिसते.

पण गड जवळ आहे म्हणून सोपा समजू नका. आमची पहिली फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल.

काही वर्षांपूर्वी २६ जानेवारीच्या सुट्टीला आम्ही सहाजण निघालो. आमचे हे, मी, आमची दोन मुले आणि दिरांची दोन. भाकऱ्या थापण्यात उशीर झाला, सकाळची गाडी चुकली. खिंडीत पोहोचून चढायला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सहाजणांत पाण्याच्या बाटल्या तीन. त्यात मी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी भरलेली! ती खाऊन सगळ्यांना अशी तहान लागली की माथ्याखाली पोहोचेपर्यंत पाणी संपले. साडेतीन वाजले होते. मी म्हटले, "आता फिरू या." पण मुले रडकुंडीला आली आणि हे म्हणाले, "आता काय, हा खडक तर समोर आहे." वर गेलो, बसलो, उतरायला पाच वाजले.

मोकळ्या माळावर संध्याकाळ सावकाश येते, झाडीत ती एकदम येते. लाकूडफाट्याला जाणाऱ्यांच्या पायवाटा जागोजाग फुटलेल्या. त्यांतली एक चुकीची धरली आणि पाऊण तास भरकटलो. धाकटी रडायची थांबली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी मोळी घेऊन उतरणारी एक वारली बाई भेटली. तिने काही न विचारता आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडले.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. म्हैस हंबरत होती. सासूबाई अंगणात दिवा घेऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "गडावर गेलात एवढेच मला ठाऊक. कुठल्या गडावर, कुठल्या वाटेने, मी कुणाला कुठे धाडणार होते?" ते बोलणे मला चढापेक्षा जड गेले. मुलांचे काही बरेवाईट झाले असते तर सकाळपर्यंत कुणी शोधायलाही आले नसते.

तेव्हापासून आम्ही दिवस उलटा मोजतो, धारेपासून मागे.

धार सहाला. म्हणजे घरी पाचला हवे. त्यासाठी पालघरला चारच्या सुमारास, आणि खिंडीत रस्त्यावर तीनला हवे. मुले बरोबर असली की उतरायला दोन तास धरावे, म्हणजे माथा एकला सोडायचा. वर तासभर जेवण नि विसावा, चढायला अडीच तास. म्हणजे चढाई साडेनऊला सुरू आणि घरातून साडेसातच्या आत बाहेर. आपल्या मार्गावर गाड्या काही मिनिटामिनिटाला नाहीत, म्हणून जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या. एक गाडी चुकली तर पुढची कोणती, तेही लिहून ठेवा.

हे उलटे गणित काही आमचे एकट्याचे नाही. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला, तो अजून जगभर वापरतात. दर तीन मैलांना एक तास आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास. हा हिशेब धडधाकट चालणाऱ्याचा आहे. लहान मुले, वयस्क माणसे असतील तर वेळ सरळ दुप्पट धरावा. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. पुढचे ठिकाण किती मैल हे त्यांवर नसते, किती तास आणि किती मिनिटे हे असते. विसाव्याचा वेळ त्यात धरलेला नसतो, तो ज्याचा त्याने धरायचा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात, जे १९१४ पासून आहे, पायवाट सोडून जायलाच बंदी आहे. आपल्या डोंगरात पाट्या नाहीत, म्हणून पाटीचे काम आपल्यालाच करावे लागते. चढताना प्रत्येक फाट्यावर थांबा, मागे वळून पाहा आणि परतताना ही जागा कशी दिसेल ते मुलांकडून वदवून घ्या. मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात.

हंगामाचे म्हणाल तर मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. आवणीच्या दिवसांत सवड नसते आणि वाटही निसरडी असते, ओढा कधी फुगेल सांगता येत नाही. शिवरात्र उलटली की कातळ तापतो. थंडीत दिवस मात्र लहान असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे विसरू नका.

बरोबर काय घ्यावे? माणशी निदान दोन लिटर पाणी, टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर राहू नये. तांदळाची भाकरी, भाजी, काकडी, चिक्कू, गूळ-शेंगदाणे. सुकी मासळी घरीच बरी. पायात घट्ट बसणारे बूट, हातात काठी, एक विजेरी, चिंधी आणि हळद. मोबाइलवर विसंबू नका, दरीत तो मुका होतो. सुकलेल्या गवतात विडी-काडी पेटवू नये, एका ठिणगीने वणवा लागतो. आग्या मोहोळ दिसले तर गोंगाट न करता लांबून जावे.

आणि घरी कागद ठेवून जा. कुठे, कुठल्या वाटेने, कोण कोण, किती वाजता परत, आणि न आल्यास कुणाला सांगायचे. हे सगळ्यांत महत्त्वाचे.

दुसऱ्या खेपेला आम्ही याच तयारीने गेलो. पण धाकटीच्या पायाला फोड आला, वाटेत वेळ मोडला. एक वाजला तेव्हा खडक दोनशे पावलांवर होता. मी म्हटले, "फिरा." दिरांचा मुलगा पालघरपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पण त्या संध्याकाळी म्हशीची धार वेळेवर निघाली आणि सासूबाई अंगणात नव्हत्या, चुलीशी बसून चहा ढवळत होत्या. गड कुठे पळून जात नाही. पुढच्या पौषात आम्ही वर जेवलो.

काळदुर्ग जमला की महामार्गालगतचा अशेरीगड करावा. तो अधिक मोठा आणि कष्टाचा आहे, पोर्तुगीज अमलाच्या खुणा अजून तिथे दिसतात. वाट माहीत असलेला गावकरी बरोबर घेतल्याशिवाय मात्र जाऊ नका.

आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून येते, त्यामुळे ते एका दिवसात होते. आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत आणि पाणी साठवण्यासाठी भिक्षूंनी कातळात खोदलेली टाकी शेतकऱ्याने मुद्दाम पाहावीत. सोमवारी उद्यान बंद असते. बिबट्यांचे रान आहे, तेव्हा मुलांना पुढे धावू देऊ नका आणि ऊन असतानाच बाहेर पडा.

परवा कागदावर नावे लिहीत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "कान्हेरीच्या कागदावर माझे नाव घाल. धारेला शेजारची येईल, मी सांगून ठेवले आहे."