मागणी जिंकली, पक्ष संपला

राजकीय पक्ष पराभवाने संपतात, हा सर्वसाधारण अनुभव. बेल्जियममधील ‘फोल्क्सयुनी’ हा छोटा पक्ष मात्र आपल्याच मागणीच्या विजयानंतर अस्तंगत झाला. डच भाषक फ्लँडर्सला स्वायत्तता आणि देशाला संघराज्याचे स्वरूप, हे उद्दिष्ट घेऊन १९५४ मध्ये तो स्थापन झाला. फ्रेंचच्या वर्चस्वाविषयी फ्लेमिश समाजात खोलवर रुजलेला असंतोष हे त्याचे भांडवल होते. कनिष्ठ सभागृहात १९६१ मध्ये ५ जागा मिळविणारा हा पक्ष १९७४ मध्ये २२ जागांवर पोहोचला.

त्याचा खरा प्रभाव या आकड्यांपलीकडचा होता. १९६८ ते १९७८ या दशकात ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी हे तिन्ही मोठे पक्ष भाषेच्या रेषेवर दुभंगले. १९७० पासून घटनादुरुस्त्यांची मालिका सुरू झाली. बेल्जियम हे संघराज्य आहे, असे १९९३ मध्ये राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात नमूद झाले.

पक्षाची उतरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १९७७ मध्ये ह्यूगो शिल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली पक्ष सत्तेत गेला आणि त्याने एग्मोंट करार स्वीकारला. ब्रुसेल्सभोवतालच्या फ्रेंच भाषकांना दिलेल्या सवलती कट्टर समर्थकांना रुचल्या नाहीत. या रोषातून ‘व्लाम्स ब्लोक’ उभा राहिला. करार अमलात आलाच नाही; किंमत तेवढी मोजावी लागली. १९७८ मध्ये पक्षाच्या जागा २० वरून १४ वर आल्या. १९९१ मध्ये तर ‘व्लाम्स ब्लोक’ने १२ जागा जिंकून १० जागांवरील मूळ पक्षाला मागे टाकले.

संघराज्य साकारल्यावर पुढे काय, या प्रश्नावर २००१ मध्ये पक्ष फुटला. डावीकडे झुकलेला ‘स्पिरिट’ गट नाव बदलत अखेर हरित पक्षात विलीन झाला. दुसऱ्या गटाने, ‘न्यू फ्लेमिश अलायन्स’ने, मागणीच वाढविली: संघराज्य अपुरे, आता अधिक सैल राज्यसंघ हवा. २००३ मध्ये अवघी १ जागा मिळविणारा हा पक्ष २०१० मध्ये २७ जागांसह देशात पहिला ठरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचे नेते बार्ट डे वेव्हर पंतप्रधान झाले, तेही फ्रेंच भाषक पक्षांना सोबत घेऊन.

तडजोड केली तर समर्थक दुरावतात आणि न केली तर मागणी कागदावरच राहते. शिल्ट्झ यांच्यापुढचा हा पेच त्यांच्या राजकीय वारसांनाही चुकलेला नाही.