अनेक मालकांचा एक वादक

राजारामपुरीतून गणरायाच्या आगमनाची मिरवणूक निघते, तेव्हा सर्वांचे डोळे मूर्तीवर खिळलेले असतात. मूर्तीपुढे गणवेश चढवून क्लॅरिनेट फुंकणाऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आज एका पथकात दिसणारा हा वादक लग्नसराईत दुसऱ्याच पथकाचा गणवेश घालतो आणि एखाद्या रात्री ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर बसतो. त्याच्या या फिरतीला बेइमानी म्हणण्याची रीत पडली आहे. तो आरोप तपासून पाहणे अगत्याचे आहे.

लग्नाचे मुहूर्त पंचांग ठरवते. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि चातुर्मासात ती थंडावते. त्या काळात गणेशोत्सवाचे दिवसच काय ते हाताला काम देतात. दाट तिथीला एकाच वादकाला तीन ठिकाणांहून बोलावणे येते आणि पुढे आठवडाभर कोणी विचारीत नाही. बारमाही पगार त्याला कोणी देत नाही. हंगामाआधी घेतलेली उचल मात्र त्याला बांधून ठेवते. निष्ठा बारा महिन्यांची आणि रोजगार मोजक्या दिवसांचा, हा कोठला न्याय? रिकाम्या दिवसांची जबाबदारी जो घेत नाही, त्याने भरल्या दिवसांवर हक्क सांगावा कसा?

अर्थात, पथकाचा मालकही बहुधा छोटाच माणूस असतो. ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी त्याच्या सुपाऱ्या हिरावल्या आणि २०२० च्या टाळेबंदीत ऐन सराई बुडाली. तेव्हा हा केवळ वादक आणि मालक यांच्यातील झगडा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधलेले आहे. माथाडी हमालही एका दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलतो. त्याचा धनी कोण, या वादात न पडता १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी केली. मजुरीसोबत व्यापाऱ्याने लेव्ही भरायची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद व्हायची, असा तो मार्ग आहे. मालक अनेक असले तरी हक्क एकत्र साठवता येतात, हे त्याने सिद्ध केले. मग वादकासाठीच हे अशक्य का मानावे? सुपारी देताना मंगल कार्यालयाने वा मंडळाने ठरावीक लेव्ही भरावी आणि मिरवणुकीच्या परवानगीशी तिची पावती जोडावी. २०२१ पासून असंघटितांची ई-श्रम नोंदणी सुरू आहे. परंतु नोंद म्हणजे हक्क नव्हे. वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेला राजर्षी शाहूंचे नाव आहे. पण उमेदीच्या वर्षांत छातीचा भाता करणाऱ्या वादकाने म्हातारपणाची वाट पाहत बसावे काय?

शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबाराचा आश्रय दिला. १९२२ साली महाराज गेले आणि त्या थोर गवयालाही मुंबईची वाट धरावी लागली. आश्रयदाता कितीही उदार असो, त्याच्याबरोबर आश्रयही संपतो. लोकशाहीत राजाश्रयाची जागा कायद्याने घ्यावयाची असते. तो कायदा मागण्यासाठी वादकांनी पथकांचे भेद विसरून एकत्र आले पाहिजे. चार पथकांतून वाजवणाऱ्याला चारही पथकांतील सहकारी ठाऊक असतात. संघटनेचा पहिला धागा त्याच्याच हाती आहे.