कलपाला ‘नवा लूक’ म्हणू नका

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत मला तिघींनी विचारलं, “बरी आहेस ना गं?” मी ठणठणीत होते. चौदा महिने केसांना रंग लावला नव्हता, एवढंच. माझ्या मागे नवरा उभा होता. माझ्याच वयाचा, माझ्याहून जास्त पांढरा. त्याला मित्र म्हणाला, “सॉल्ट अँड पेपर शोभतं हं तुला!” आणि त्याच रांगेत जांभळे केस केलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिच्याकडे बघून कुणीतरी कुजबुजलं, “काय हे ध्यान!”

एका रांगेत तीन डोकी आणि तीन निकाल. पांढऱ्या केसांचा पुरुष रुबाबदार, पांढऱ्या केसांची बाई आजारी, जांभळ्या केसांची मुलगी वाया गेलेली. निकाल देणाऱ्या बहुतेक जणींनी त्याच आठवड्यात स्वतःचे केस काळे केले होते. मीही पंधरा वर्षं तेच केलं, म्हणून हे बोलायचा हक्क मला आहे.

पहिली तक्रार शब्दाबद्दल. डब्यावर लिहिलेलं असतं ‘नवा लूक’. नवा लूक त्या मुलीचा. काल काळे होते, आज जांभळे, कंटाळा आला की निळे. त्यात मजा आहे, लपवाछपवी नाही. आपण करतो तो जुनाच लूक, इथे उतरलो तेव्हाच्या पासपोर्टवरचा, धरून ठेवलेला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तिसऱ्या आठवड्यात भांगात पांढरी रेघ दिसते आणि आपण पुन्हा ब्रश घेऊन आरशापुढे. दर चार आठवड्यांनी दोन तास धरा, वर्षाचे सव्वीस तास होतात. पंधरा वर्षांत मी जवळपास चारशे तास डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून बसले. मराठीत याला सरळ शब्द आहे, कलप. तोच वापरू या.

दुसरी तक्रार डब्याच्या आतल्या मालाबद्दल. कायमच्या रंगात अमोनिया केसाचं बाहेरचं आवरण उघडतो, पेरॉक्साइड आतला मूळ रंग फिका करतं, आणि छोटे रंगरेणू आत शिरून मोठे होतात, म्हणून ते धुऊन जात नाहीत. या रेणूंपैकी पीपीडी हे रसायन ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे. गडद छटांमध्ये ते जास्त असतं, आणि आपल्याला तर कोळशासारखा काळाच हवा. एका सकाळी माझ्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. पंधरा वर्षं काही झालं नव्हतं, त्या दिवशी झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता ही ॲलर्जी जन्माची.

देशी दुकानातली ‘काळी मेंदी’ सुरक्षित, असं समजू नका. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. पुडीतली मेंदी केस काळे करत असेल तर त्यात नीळ तरी असते किंवा पीपीडीसारखा रासायनिक रंग तरी. रंगवणारच असाल तर ४८ तास आधी थोडा रंग त्वचेवर लावून बघा. ती सूचना डब्यावर असते, मी कधी वाचली नव्हती.

“पण नोकरीचं काय?” हा प्रश्न मला मान्य आहे. लिसा लाफ्लाम आठवतात? टाळेबंदीत केस रंगवणं थांबवून पांढऱ्या केसांनी बातम्या द्यायला लागलेल्या, आपल्या इथल्या सीटीव्हीच्या मुख्य निवेदिका. २०२२ मध्ये त्यांचा करार संपवला गेला. केसांचा आणि वयाचा काही संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं. देशातल्या अनेकांना ते पटलं नाही. पन्नाशीत नोकरी गेलेल्या आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री कलप लावणाऱ्या माणसाला मी हसणार नाही, मग तो पुरुष असो की बाई. पोटाचा प्रश्न आहे.

पण मंडळाच्या हॉलमध्ये कोण पगार देतं आपल्याला? तिथे साहेब नाही, एचआर नाही. तिथली सक्ती पूर्णपणे आपली, घरगुती बनावटीची आहे. बाईच्या केसांचा निर्णय चारचौघांनी करायचा, ही महाराष्ट्राची जुनी खोड. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सुधारकांना किती झगडावं लागलं ते आपण अभिमानाने सांगतो. तो छळ आणि हा टोमणा यांची बरोबरी मी करत नाही. पण बाईच्या डोक्याकडे बघून तिची किंमत ठरवणारी नजर गेली, असं मला कुणी सांगू नये.

डिसेंबरात पुण्याला गेले. निघण्याआधी फोनवर आई म्हणाली, “काळे करून ये गं. मी ऐंशीची अजून करते. तू पांढरी आलीस तर लोक मला किती वर्षांची समजतील?” मी तशीच गेले. दोन दिवस ती मला घेऊन कुठे बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी भिशीला नेलं आणि दारातच सगळ्यांना सांगून टाकलं, “हिला ॲलर्जी आहे हो, म्हणून.” लगेच सगळ्यांचे चेहरे निवळले. ॲलर्जी चालते. “मला नाही लावायचा” हे चालत नाही.

ते चालायला हवं, इतकंच माझं मागणं आहे. रंगवायचे त्यांनी खुशाल रंगवावेत, काळे, तपकिरी, हिरवे. पण पुढच्या कार्यक्रमात पांढऱ्या केसांच्या बाईला तब्येत विचारू नका आणि जांभळ्या केसांच्या मुलीच्या आईकडे सहानुभूतीने बघू नका. मुलांशी वाद घालताना आपण ऐटीत म्हणतो, हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. मुलं आपल्या डोक्याकडे बघतात, तर तिथे एकही पांढरा केस नसतो. मग त्यांनी तरी कशावर विश्वास ठेवायचा?