ज्योत पिवळी पडली तर

गॅसची ज्योत निळी असावी, हे आता बहुतेक घरांतून ठाऊक आहे. ती पिवळी पडली की पातेल्याचे बूड काळे होते आणि घासणारीचे काम वाढते. पण भगिनींनो, काजळी हा त्यातला लहान त्रास झाला.

गोबरगॅसमधला मिथेन, सिलिंडरमधले प्रोपेन व ब्यूटेन, रॉकेल, पेट्रोल, डिझेल ही सगळी एकाच कुळातली मंडळी. साऱ्यांच्या अंगी कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हवेतला प्राणवायू घेऊन हायड्रोजनचे पाणी होते, तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ किलो पाणी वाफ होऊन निघते! थंडीत गार पातेले ज्योतीवर ठेवले की बुडाला दव धरते ते हेच. पातेले गळत नसते. मात्र त्यासाठी तो सिलिंडर सुमारे ५१ किलो प्राणवायू ओढून घेतो. खिडकी उघडी ठेवा म्हणतात ते उगीच नव्हे.

हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळतो. कोळशाचे बारीक कण तापून पिवळे चमकतात, त्यांचीच काजळी होते. कंदिलाची काच काढून पाहा, ज्योत लगेच धुरकते, कारण हवा वर ओढणारी काचच गेली. शेगडीत दूध उतू जाऊन बर्नरची भोके बुजतात, हवेच्या छिद्राशी कोळिष्टक धरते. ती साफ केली की ज्योत पुन्हा निळी होते.

अर्धवट जळण्यातून आणखी एक वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग हातपाय गळतात आणि पळावे म्हटले तरी पळवत नाही.

याचा खरा धोका विहिरीत. वर ठेवलेला पंप सात-आठ मीटरच्या खालचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. धूर तिथेच कोंडतो. पेट्रोल-रॉकेलवरच्या इंजिनात हा वायू डिझेलपेक्षाही जास्त. अशा विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे, उतरू नये, एवढे खरे. पण जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. ज्योतीला पुरेल इतका प्राणवायू आणि माणसाला मारील इतके विष, दोन्ही एकाच वेळी आत असू शकतात.

तेव्हा इंजिन विहिरीत चालवूच नये. आत कोणी पडला तर भाऊ असो की बाप, पाठोपाठ उडी घेऊ नका. एकामागून एक माणसे जातात ती अशीच. त्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा. नसेल तर ११२ वर कळवून अग्निशमन दलाची माणसे बोलवा.