गाथेबाहेरचे तुकाराम

एम. ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना तुकारामांच्या अद्वैतविचाराच्या पुष्ट्यर्थ एक अवतरण अधूनमधून भेटते. एका बीजातून कोटी वृक्ष विस्तारतात, असे रूपक त्यात आहे. अवतरण समर्पक असते. फक्त ते तुकारामांचे नसते. 'प्रभात'च्या १९३६ मधील 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ते पद लिहिले. पडद्यावरील तुकारामांच्या मुखी आले, एवढ्यानेच ते लोकमानसात तुकारामांचे ठरले. अशा ठिकाणी गुण कापणे सोपे असते. प्रस्तुत लेखकानेही ते कापले आहेत. परंतु ही चूक केवळ अज्ञानाची आहे काय, असा प्रश्न आता पडतो.

गाथेचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न अधिकच बिकट होतो. संताजी जगनाडे यांच्या वह्या, देहूची परंपरा, वारकऱ्यांचे पाठांतर, कीर्तनकारांची निवड यांतून तुकारामांचे अभंग आपल्यापर्यंत आले. १९५० च्या शासकीय प्रतीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत; त्यांपैकी प्रक्षिप्त किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे ज्या मौखिक प्रक्रियेने गाथा घडली, तिच्यातूनच चित्रपटातील पदही लोकांच्या ओठी गेले. गंमत अशी की, या चित्रपटातील सालोमालो हे पात्र तुकारामांची रचना स्वतःच्या नावावर खपवू पाहते. पडद्याबाहेर मात्र उलटेच घडले. दुसऱ्याची रचना तुकारामांच्या नावावर जमा झाली आणि खऱ्या कवीचे नाव मागे पडले.

मुखवट्याचेही तेच. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि पुढे तुकारामांची चित्रे पागनिसांच्या चेहऱ्याने ओळखली जाऊ लागली.

तथापि लोकप्रिय संस्कृती म्हणून सर्वच आविष्कारांना एका मापाने मोजणे योग्य नव्हे. दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात चमत्कार आहेत, अखेरीस विमानही आहे. पण त्याबरोबर गौरी यांनी उभी केलेली जिजाई आहे. तिचे भांडण, तिची चूल, पोरांच्या पोटाची तिची चिंता यांमुळे तुकारामांच्या भक्तीला संसाराचा विरोध आणि आधार दोन्ही लाभतात. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तो केवळ भाविकतेचा नव्हता असे म्हणावेसे वाटते. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'तुकाराम'नेही संतपदापूर्वीचा माणूस, त्याचे बालपण व दुष्काळ यांना जागा दिली.

ध्वनिमुद्रिकेने मात्र वेगळी चाळण लावली. श्रीनिवास खळे यांच्या स्वररचना आणि लता मंगेशकर व भीमसेन जोशी यांचे स्वर यांचे ऋण कोण नाकारील? ज्या घरांत गाथा कधी उघडली गेली नाही, तेथे या स्वरांनी तुकाराम पोहोचविले. पण चालीला मानवते ते शब्द राहिले. विठ्ठलाचे रूप, नामाचा गोडवा, शरणागती यांना सूर मिळाला. दांभिकांवर कोसळणारे, देवाशी हमरीतुमरीवर येणारे, स्वतःच्याच कवित्वाविषयी साशंक असणारे तुकाराम बव्हंशी बाहेर राहिले. माझा आक्षेप आहे तो या निवडीला. आठवल्यांच्या पदाने गाथेत भर पडल्याचा भास झाला, तो पडताळता येतो. जे कधी गायलेच गेले नाही, त्याची उणीव श्रोत्याला जाणवत नाही.

सदानंद मोरे यांच्या 'तुकाराम दर्शन' (१९९६) या ग्रंथाने तुकारामांचे महाराष्ट्राच्या इतिहासातील ग्रहण हा अभ्यासविषय म्हणून उभा केला. आपल्या वर्गांत मात्र आजही संहिता एका तासाला आणि 'प्रभाव' नामक परिच्छेद सत्राच्या शेवटी, वेळ उरल्यास, अशी व्यवस्था आढळते. त्याऐवजी पदव्युत्तर वर्गाला चित्रपटातील सर्व पदांची यादी द्यावी, ती गाथेशी ताडून पाहावयास सांगावे आणि ध्वनिमुद्रित अभंगांत गाथेतील कोणते विषय येत नाहीत, हे विद्यार्थ्यांनीच नोंदवावे. यासाठी अनुदान लागत नाही. गाथेची एक प्रत आणि चार दुपारी पुरतात. बीजाच्या रूपकाचे अवतरण पुन्हा समोर आले, तर गुण कापण्यापूर्वी ते कोठे ऐकले, एवढे त्या विद्यार्थ्याला विचारावयाचे मी ठरविले आहे.